उताराची बाजू

वीसेक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी जगातल्या सगळ्यात ताकदवान रेल्वे इंजिनांवर लेख लिहिला होता. लेख बरा वाचला गेला, त्यावर पत्रं आली, पुढे एकदोन ठिकाणी बोलायलाही बोलावलं. त्या लेखाचा पायाच चुकीचा होता, असं आज माझं मत आहे. मनातल्या मनात मत बदलून गप्प बसता आलं असतं. पण चूक छापून केलेली आहे, तेव्हा कबुलीही छापूनच द्यावी, म्हणून हे मनोगत.

त्या लेखात मी इंजिनांची क्रमवारी लावली होती ती एकाच मापाने: कोण किती ओढतं. माझा लाडका नायक होता अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला. ड्युलुथ, मिसाबी अँड आयर्न रेंज ही तिथली लोहखनिज वाहणारी रेल्वे. तिने बाल्डविन कारखान्याकडून १९४१ साली आठ आणि १९४३ साली दहा अशी वाफेची अजस्र इंजिनं घेतली. यलोस्टोन हे त्यांच्या जातीचं नाव. ओढण्याची ताकद १,४०,००० पौंड. दुसऱ्या महायुद्धातल्या पोलादामागे या अठरा इंजिनांचे कष्ट आहेत, असं मी लिहिलं, आणि ते खोटं नाही. त्यातली तीन आजही ड्युलुथ, प्रॉक्टर आणि टू हार्बर्स या गावांत जपून ठेवलेली आहेत. त्यांच्यावर मी चार पानं लिहिली.

त्याच लेखात स्वीडनच्या उत्तर टोकाकडल्या लोहखनिज रेल्वेला मी एक वाक्य दिलं होतं. तिथलं डीएम-३ हे इंजिन विजेचं, पण चाकांना एकमेकांशी बांधणारे, वाफेच्या इंजिनासारखे साइड रॉड. 'ना धड वाफेचं, ना धड विजेचं, अशा या इंजिनात काव्य नाही,' असं ते वाक्य होतं. तेच वाक्य आज मला सगळ्यात जास्त बोचतं.

लेख आल्यावर महिन्याभरात कर्जतहून एक पोस्टकार्ड आलं. लिहिणारे गृहस्थ घाटात गाड्या चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हर होते. अक्षर सुबक, मजकूर थोडा. लेख आवडला, असं आधी लिहून त्यांनी विचारलं होतं की, एवढ्या मोठ्या लेखात उताराचा उल्लेख कसा नाही? चढाला इंजिन कमी पडलं तर गाडी उभी राहते, उताराला कमी पडलं तर काय होतं याचा विचार करून बघा, असा त्यांचा सांगावा होता. मी ते कार्ड फाइलला लावलं. उत्तर लिहिलं नाही. मला वाटलं, हा व्यवसायातल्या माणसाचा बारकावा आहे, लेखाच्या विषयाशी त्याचा संबंध नाही.

मला असं का वाटलं, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझं रेल्वेप्रेम कर्जतच्या फलाटावर सुरू झालं. पुण्याला आजोळी जाताना गाडी कर्जतला थांबायची, मागे बँकर इंजिनं लागायची, आणि ती जोडली जातानाचा हलका धक्का डब्यात जाणवला की मी खिडकीला नाक लावून बसायचो. पुढचं इंजिन ओढतंय, मागची ढकलताहेत, सबंध गाडी बोगद्यामागून बोगदे ओलांडत खंडाळ्याकडे चढतेय. सदतीस फुटांना एक फूट असा तो बोरघाटाचा चढ. परतीच्या प्रवासात, लोणावळ्याहून खाली येताना, मी झोपलेला असायचो. उतरणं म्हणजे आपोआप होणारी गोष्ट, असा माझा समज लहानपणीच पक्का झाला आणि पुढे विजेच्या मोटारींवर काम करण्यात उमेदीची वर्षं घालवली तरी तो हलला नाही. मंकी हिल आणि ठाकूरवाडीला उतरणारी गाडी थांबते, ब्रेक ताब्यात आहेत याची खात्री पटवते आणि मगच पुढे सोडली जाते. नाही तर तिच्यासाठी डोंगराच्या अंगावर चढत जाणारा कॅच सायडिंगचा रूळ तयार असतो. हे मला माहीत होतं. पण ही सगळी व्यवस्था उताराच्या भीतीतून जन्मली आहे, हे कधी माझ्या मनाला भिडलं नव्हतं.

मुलगी नोकरीसाठी स्टॉकहोमला गेली, तिच्याकडे राहायला गेलो असताना मार्च महिन्यात मी किरुनाहून नार्विकची गाडी पकडली. किरुना स्वीडनमधलं खाणीचं गाव, नार्विक नॉर्वेतलं बंदर. अंतर सुमारे १७० किलोमीटर, त्यातले शेवटचे चाळीसेक नॉर्वेत. रूळ एकेरीच. बाहेर बर्फ, खुरट्या भूर्जांची झाडी आणि गोठलेलं तोर्नेत्रेस्क सरोवर. सरहद्दीच्या अलीकडे एका लहानशा स्टेशनात आमची गाडी बाजूला घेतली गेली. समोरून खनिजाची गाडी येत होती.

ती रिकामी होती. काळसर रंगाचं जोडइंजिन, मागे वाघिणी. मी मोजल्या: अडुसष्ट. समुद्राकडून डोंगर चढून ती किरुनाकडे परत निघाली होती. समोरच्या बाकावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध नॉर्वेजियन गृहस्थ बसले होते. मी त्यांना इंजिनाची ताकद विचारली. त्यांनी ती सांगितली आणि मग सहज जोडलं की, ही गाडी वर येतेय ती खाली गेलेल्या भरल्या गाडीच्या विजेवर. मला आधी ते अलंकारिक बोलणं वाटलं. ते तसं नव्हतं. त्यांनी खिशातल्या कागदावर दोन आकडे लिहून दाखवले, आणि नार्विकला हॉटेलात बसून मी उरलेला हिशेब केला.

हा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे, म्हणून इथे मांडतो. भरलेली एक वाघीण १२० टनांची. अडुसष्ट वाघिणी म्हणजे ८,१६० टन. सरहद्दीवरून समुद्राकडे येताना ती साडेचारशे मीटर खाली उतरते असं धरू. आठ हजार टन वजन साडेचारशे मीटर खाली आलं की साधारण ९,८०० युनिट वीज होईल एवढी ऊर्जा मोकळी होते. ती कुठे तरी गेलीच पाहिजे. नुसत्या ब्रेकच्या ठोकळ्यांनी गाडी धरली तर ती चाकांच्या उष्णतेत जाते, धातू तापतो आणि सगळं हवेत विरतं. या रेल्वेच्या इंजिनात उतारावर मोटारीच जनित्राचं काम करतात. गाडीचा वेग मोटारींना फिरवतो, मोटारी वीज तयार करून वरच्या तारेत परत घालतात आणि वीज घालतानाच गाडीला आवरून धरतात. परत चढणारी रिकामी गाडी इंजिनासह दोन हजार टनांच्याही आत भरते. म्हणून उतरणाऱ्याने दिलेली वीज चढणाऱ्याला सरहद्दीपर्यंत पुरते, आणि वर उरली तर ती गावाच्या वीजजाळ्यात जाते.

दुसरा हिशेब मात्र मला झोपू देईना. या उतारावर जिथे तो सगळ्यात तीव्र आहे तिथे हजार मीटरला सतरा मीटर उतरावं लागतं. आपल्या बोरघाटापेक्षा सौम्यच. पण सबंध भरलेली गाडी, इंजिन धरून साडेआठ हजार टन, तेवढ्या उतारावर असेल तर पृथ्वी तिला जवळजवळ १४५ टनांच्या जोराने खाली खेचते. आणि या रेल्वेच्या जोडइंजिनाची ओढण्याची ताकद? १,२०० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १२२ टन. मी जिला ताकद म्हणत आलो होतो, जिच्यावर क्रमवारी लावली होती, ती उताराच्या ओढीपेक्षा कमी होती. या रेल्वेचा रोजचा खरा सामना ओढण्याचा नाही, आवरण्याचा आहे. कर्जतच्या पोस्टकार्डात नेमकं हेच होतं, आणि मी ते फाइलला लावून मोकळा झालो होतो.

मग मी या रेल्वेचा इतिहास नव्याने वाचला, आणि त्यात मला उतारच उतार दिसू लागला.

खनिज होतं डोंगरात, किरुनावारा आणि लुओस्सावारा या दोन डोंगरांत. बाजार होता समुद्रापलीकडे. एका ब्रिटिश कंपनीने आधी बाल्टिकच्या बाजूने सुरुवात केली. माल्मबेर्गेटच्या खाणीपासून लुलेओ बंदरापर्यंत रूळ पडले, १८८८ साली खनिजाची पहिली गाडी धावली, आणि पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली. तो मार्ग स्वीडनच्या सरकारने विकत घेतला. पण लुलेओपुढचा समुद्र हिवाळ्यात गोठतो. अटलांटिकच्या बाजूला नार्विकचा फियोर्ड मात्र उबदार सागरी प्रवाहामुळे बारा महिने मोकळा असतो. म्हणून पर्वतरांग ओलांडून पश्चिमेला उतरायचं ठरलं. किरुनाच्या खाणीची एलकेएबी ही कंपनी १८९० साली स्थापन झाली होती. १८९८ मध्ये स्वीडन आणि नॉर्वे या दोन्ही देशांच्या संसदांनी मार्गाला मंजुरी दिली. तेव्हा दोन्ही देशांचा राजा एकच होता. १९०२ मध्ये रूळ जुळले आणि १४ जुलै १९०३ रोजी राजा दुसऱ्या ऑस्करने मार्गाचं उद्घाटन केलं. दोनच वर्षांनी नॉर्वे वेगळा झाला, पण रूळ जोडलेलेच राहिले. मार्ग बांधणाऱ्या मजुरांना तिकडे 'रल्लारे' म्हणतात. त्यांच्यापैकी जे परतले नाहीत, त्यांतल्या काहींची थडगी तोर्नेहाम्नच्या छोट्याशा दफनभूमीत आहेत.

वाफेवर ही रेल्वे फार काळ टिकणार नव्हती. स्वीडिश रेल्वेने १९०८-०९ मध्ये याच कामासाठी पाच जोड चालक चाकांची, त्या देशातली सगळ्यात मोठी वाफेची इंजिनं बनवून घेतली, तरी खनिज वाढतच होतं. कोळसा परदेशातून आणावा लागे, आणि बर्फापासून रूळ वाचवणाऱ्या लाकडी मांडवांत धूर कोंडे. तेव्हा स्वीडनने धाडस केलं. पोर्युस या निर्जन जागी, जिथे ना रस्ता ना रूळ, तिथे धबधब्यावर वीजकेंद्र उभारलं. सुरुवातीचं सामान माणसांनी पाठीवरून वाहून नेलं. १९१५ साली किरुनापासून सरहद्दीपर्यंत गाड्या विजेवर धावू लागल्या. स्वीडनमध्ये लांब पल्ल्याच्या मार्गाचं विद्युतीकरण पहिल्यांदा झालं ते इथे, खनिजासाठी. नॉर्वेचा तुकडा १९२३ मध्ये विजेवर आला.

१९४० च्या वसंतात नार्विकभोवती जे युद्ध झालं, ते याच खनिजासाठी आणि याच उतारासाठी. जर्मनीला ते हवं होतं आणि ब्रिटनला ते जर्मनीला मिळू द्यायचं नव्हतं. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून मी पुढे जातो.

मला परत त्या डीएम-३ कडे यायचं आहे. १९५० च्या दशकात दोन भागांचं डीएम आलं, आणि १९६० पासून मध्ये ड्रायव्हरच्या खोलीविना तिसरा भाग घालून डीएम-३ झालं. बारा चालक आसं, ७,२०० किलोवॅट, वजन २७० टनांच्या वर. बावन्न वाघिणींची ५,२०० टनांची गाडी ते ओढत असे. त्याच्या साइड रॉडना मी काव्यहीन म्हटलं होतं. ते रॉड का होते, याचा मी विचारच केला नव्हता. बर्फाळ, ओल्या रुळावर एखादं चाक एकटंच निसटून गरगर फिरू लागलं की पकड जाते. रॉडने बांधलेली चाकं एकमेकांना निसटू देत नाहीत. शेजारचं चाक घसरू लागलं तर बाकीची त्याला धरून ठेवतात. वारीत एकमेकांचे हात धरून नदीच्या प्रवाहात उतरणाऱ्या माणसांना मी कधी काव्यहीन म्हटलं नसतं. मग याला कोणत्या तोंडाने म्हटलं?

डीएम-३ ची जागा घेणारी आजची जोडइंजिनं २००० सालापासून येऊ लागली. जर्मनीतल्या कासेल इथे बांधलेली, १०,८०० किलोवॅटची, ३६० टनांची. त्यांना या मार्गावरच्या स्टेशनांची नावं दिली आहेत. इंजिनाला राजाचं किंवा सेनापतीचं नाव न देता, ज्या एकाकी थांब्यावरून ते रोज जातं त्याचं नाव द्यावं, ही कल्पना मला फार आवडली.

घरी परतल्यावर मी पहिल्यांदा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो. तिथे आवारात आपल्या घाटाचं जुनं विजेचं इंजिन उभं आहे. लांब पुढे आलेली दोन नाकं, मध्ये खोली, आणि चाकांना साइड रॉड. जीआयपी रेल्वेने कल्याण-पुणे मार्ग विजेवर आणताना ही इंजिनं घेतली, एकूण ४१. पहिली काही १९२८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बनली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. युरोपात या घडणीच्या इंजिनाला मगर म्हणतात, आपल्या ड्रायव्हरांनी त्याचं नाव ठेवलं 'खेकडा'. त्या नावात किती नेमकं निरीक्षण आहे! खेकडा धावत नाही, पण एकदा पकडलं की सोडत नाही.

आणि या खेकड्याला उतारावर वीज तारेत परत घालणारा ब्रेक होता. तेही आपल्या बोरघाटात. जे पाहायला मी ध्रुववृत्ताच्या उत्तरेला गेलो, ते माझ्या आजोबांच्या काळापासून कर्जत आणि लोणावळ्याच्या दरम्यान रोज घडत होतं. उतरणारी गाडी चढणारीला हात देत होती. मी त्याच मार्गावर, त्याच उतारावर, खिडकीशी झोपलेलो होतो. पोस्टकार्ड लिहिणाऱ्या ड्रायव्हरने कदाचित याच इंजिनावर उमेदवारी केली असेल. मी विचारायला हवं होतं.

यलोस्टोनचं काय, हा प्रश्न कुणी विचारेल. त्याचं कौतुक मी मागे घेत नाही. पण त्या रेल्वेवरही प्रॉक्टरच्या यार्डापासून ड्युलुथच्या धक्क्यांपर्यंत खडा उतार आहे. डोंगरातून ड्युलुथकडे आणलेलं सगळं खनिज शेवटी त्या उतारावरून, ब्रेक सांभाळणाऱ्या माणसांच्या हातांनी, लेक सुपीरिअरच्या काठावर उतरत असे. धक्क्यावर पुन्हा तेच. रूळ उंचावर, खाली जहाज, वाघिणीचा तळ उघडला की खनिज आपल्याच वजनाने खणांत आणि खणांतून जहाजात. खनिज रेल्वे म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यातला उतार माणसाच्या कह्यात आणायची व्यवस्था आहे. इंजिन हा तिचा एक भाग. मी चार पानं लिहिली आणि त्या उतारावर एक ओळही लिहिली नाही.

मत बदललं म्हणजे आता मी उताराची भक्ती करू लागलो, असंही नाही. नार्विकच्या हॉटेलात हिशेब संपल्यावर एक गोष्ट मनात आली, ती अजून गेलेली नाही. खाली येणाऱ्या गाडीची वीज फुकटची वाटते, पण फुकट काहीच नाही. तो डोंगर आपली उंची खर्च करत असतो. खनिज उंचावर होतं म्हणून ही ऊर्जा आहे, आणि खाली गेलेलं खनिज परत वर जात नाही. रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या चराऊ रानांतून हे रूळ गेले, त्याचीही किंमत कुणी तरी मोजतं आहे. खाण जमिनीखाली खोल गेली, तशी किरुना गावाखालची जमीन खचू लागली आणि अख्खं गाव हलवावं लागतं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये १९१२ सालचं तिथलं लाकडी चर्च, ६७२ टन वजनाचं, पाच किलोमीटर दूर चाकांवरून नेलं. आणि डिसेंबर २०२३ मध्ये खनिजाची गाडी रुळावरून घसरली तेव्हा मार्ग दोन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिला. सुरू झाल्यावर काही दिवसांतच पुन्हा तसाच अपघात झाला. शंभरहून अधिक वर्षांच्या अनुभवानंतरही उतार आणि वजन माणसाला बेसावध राहू देत नाहीत.

म्हणून आता मला ओढणाऱ्यापेक्षा आवरणाऱ्याबद्दल जास्त आदर वाटतो. गती सगळ्यांना दिसते, तिच्यावर लेख लिहिले जातात. आवरण्याचं काम नीट झालं की काहीच घडत नाही. गाडी वेळेवर येते, प्रवासी झोपलेला असतो आणि त्याला कळतही नाही की कुणी तरी सबंध घाटभर हात ब्रेकवर ठेवून जागं होतं.

परत आल्यावर मी फाइल शोधली. पोस्टकार्ड पिवळं पडलं होतं, पण पत्ता वाचता येत होता. कर्जतला गेलो. घर सापडलं, माणूस राहिला नव्हता. त्यांच्या सुनेने चहा दिला. मी लेखाची प्रत आणि कार्ड दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबांनी बरेच दिवस उत्तराची वाट बघितली होती." त्यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

तेव्हा उत्तर इथे लिहितो. माझ्या त्या लेखात जिथे 'ताकद' असा शब्द आहे, तिथे 'ओढण्याची ताकद' असं वाचावं. डीएम-३ विषयीचं वाक्य पूर्ण काढून टाकावं. आणि लेखाच्या अखेरीस, राहून गेलेलं म्हणून, हे जोडावं: चढाला इंजिन कमी पडलं तर गाडी उभी राहते, उताराला कमी पडलं तर गाडी राहत नाही. हे मला कर्जतच्या एका ड्रायव्हरने वेळेवर सांगितलं होतं.